ॲप्लिकची गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते तेव्हा काय तपासावे

ॲप्लिक म्हणजे तळाच्या कापडावर दुसऱ्या कापडाचे तुकडे लावून केलेली नक्षी, आणि फ्युजिबल वेब म्हणजे ते तुकडे इस्त्रीने चिकटवणारा गोंदाचा पातळ थर. असे वेब लावून केलेल्या ॲप्लिकमधला ताठपणा प्रत्येक वेळी सारखा नसतो. तो नेमका कुठे आणि केव्हा जाणवतो यावर पुढचा सगळा तपास अवलंबून असतो, म्हणून उपाय शोधण्याआधी हातातले काम नीट चाचपून पाहावे. शिकवताना आणि इतरांची कामे दुरुस्त करताना मला पुढील लक्षणे पुन्हा पुन्हा दिसली आहेत.

- नक्षीचा तुकडा सगळाच्या सगळा ताठ असतो; घडी घातली की तिथे कडक कोन पडतो.
- तुकड्याचा मध्य मऊ असतो, पण कडेने फिरणारी पट्टी कडक लागते.
- एकावर एक तुकडे आले आहेत तेवढ्याच जागी जाडपणा आणि ताठपणा असतो.
- कापडाच्या सुलट बाजूवर काळपट, ओलसर वाटणारे डाग किंवा चकाकी दिसते.
- शिवताना टाके सुटतात, दोरा तुटतो, सुई ओढून घेतल्यासारखी वर येते.
- कडा सुटतात म्हणून पुन्हा इस्त्री फिरवली जाते आणि दर वेळी ताठपणा वाढत जातो.
- काम पूर्ण झाले तेव्हा मऊ होते, धुऊन वाळल्यावर मात्र कडक झाले.

यांपैकी कोणतेही लक्षण दिसले की बहुतेक जण सर्वांत आधी वेबची कंपनी बदलतात. तो खर्चिक आणि सहसा निरुपयोगी मार्ग आहे. गोंद वाईट असण्यापेक्षा तो नको तितक्या जागेवर आणि नको तितक्या थरांत पसरलेला असणे, हेच ताठपणाचे नेहमीचे कारण असते. म्हणून पुढचा क्रम बिनखर्चाच्या तपासण्यांपासून सुरू केला आहे. वेब बदलायचे ते मुळात चुकीच्या प्रकारचे आणले असेल तरच.

पहिली तपासणी : फक्त बोटांनी

काम पूर्ण थंड होऊ द्यावे. फ्युजिबल वेबमधला गोंद उष्णतेने वितळतो आणि थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होतो, त्यामुळे इस्त्री उचलल्याबरोबर कापड किती मऊ लागते याला काही अर्थ नाही. दहा-पंधरा मिनिटांनी तुकडा दोन बोटांत धरून आधी मध्यावर दुमडावा, मग कडेवर, आणि शेवटी तुकडे एकमेकांवर आले आहेत तिथे. त्याच कापडाचा गोंद न लावलेला उरलेला भाग दुसऱ्या हातात धरून दोन्हींची तुलना करावी.

मध्य आणि कड दोन्ही सारखेच कडक असतील तर कारण गोंद किंवा इस्त्री हे आहे. फक्त कड कडक असेल तर गोंदापेक्षा शिलाईवर संशय घ्यावा. आणि गोंद न लावलेला तुकडाही जवळजवळ तितकाच कडक लागला, तर दोष कापडातच आहे. हे तीन प्रश्न आधी सुटले नाहीत तर पुढे कडेच्या शिलाईचा दोष गोंदाच्या माथी मारून माणूस महिनाभर वेगवेगळे वेब आणून पाहत बसतो.

दुसरी तपासणी : आपण नेमके काय विकत आणले आहे

पुण्यात रविवार पेठेत किंवा तुळशीबागेत शिवणसामानाच्या दुकानात नुसते ‘फ्युजिंग द्या’ म्हटले, तर पुढ्यात येते ते बहुधा ब्लाऊजच्या गळ्याला किंवा कॉलरला लावायचे पेस्टिंग. ते एका बाजूनेच चिकटते, त्याला स्वतःचे कापड असते, आणि त्याचे कामच मुळी ताठपणा आणणे हे आहे. ॲप्लिकला लागते ते दोन्ही बाजूंनी चिकटणारे वेब. त्यात कापड नसतेच. कागदावर बसवलेला निव्वळ गोंदाचा पातळ थर किंवा जाळी असते, आणि कागद सोलल्यावर कापडावर फक्त गोंद उरतो. ओळखण्याची खूण सोपी आहे : कोपरा ओढून पाहावा. कागद निघून हातात विणलेले किंवा नमद्यासारखे कापड राहिले, किंवा सोलायला कागदच नसून कापडाच्या एका अंगावर खरखरीत ठिपके लागले, तर ते पेस्टिंग आहे, आणि गोधडीच्या नक्षीत ते घालण्याचे कारण नाही.

वेबमध्येही दोन वर्ग आहेत. काही वेब शिवण्यासाठी बनवलेले असतात आणि काही न शिवता टिकावेत म्हणून. हीट-एन-बॉन्डच्या ‘लाइट’ प्रकारावर शिलाई मारता येते. त्याच नावाचा ‘अल्ट्राहोल्ड’ हा प्रकार मात्र बिनशिलाईच्या कामासाठी आहे, त्यात गोंद जास्त असतो आणि त्यातून मशीन चालवली तर सुईला गोंद चिकटतो. दोन्ही पाकिटे शेजारीशेजारी टांगलेली असतात आणि ‘जास्त मजबूत’ हे वाचून आपण दुसरे उचलतो. गोधडीच्या कडा शिवायच्याच असतात. गोंदाने फक्त शिवून होईपर्यंत तुकडा जागेवर धरून ठेवायचा असतो. तेव्हा मजबुतीच्या मागे लागण्याची गरज नाही. मिस्टी फ्यूजसारखी बिनकागदाची तलम जाळी आणखी मऊ राहते, पण तिच्यावर आकार काढता येत नाही आणि तिला इस्त्रीखाली वेगळा न चिकटणारा कागद लागतो.

वेब सुटे घेतले असेल तर त्याबरोबर सूचनांचा कागद मागून घ्यावा. तो मिळत नसेल तर निदान नाव लिहून आणावे, कारण पुढची तपासणी त्याच्यावाचून अर्धवट राहते. वेब घडी करून माळ्यावर ठेवू नये. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या खोलीत पडून राहिलेल्या वेबचा कागद आपोआप सुटू लागतो, मग गोंद कुठे जाड तर कुठे नाहीसा असा लागतो. गुंडाळी करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत, थंड जागी ठेवलेले वेब बराच काळ चांगले राहते.

तिसरी तपासणी : कापड धुतले होते का

नव्या सुती कापडाला खळ किंवा दुसरे फिनिश असते. त्याने दोन प्रकारे त्रास होतो. एक तर कापड मुळातच कडक असते; दुसरे म्हणजे गोंद धाग्याला न धरता खळीला धरतो, कड सुटते, आपण पुन्हा इस्त्री करतो, आणि त्या जादा उष्णतेने गोंद कापडात मुरून आणखी कडकपणा येतो. उपाय घरचाच आहे. कापड साध्या पाण्यात भिजवून, थोड्या साबणाने धुऊन, दोनदा खळबळून वाळवावे. कापड मऊ करण्यासाठी मिळणारे द्रव या धुण्यात वापरू नये. त्याचा पातळ थर धाग्यांवर राहतो आणि गोंदाची पकड कमी करतो.

पुण्यात जून ते सप्टेंबर या काळात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सुती कापड हवेतला ओलावा धरते, आणि दोरीवर ‘वाळलेले’ कापडही पावसाळ्यात पूर्ण कोरडे नसते. कोरड्या इस्त्रीने लावायच्या वेबखाली तोच ओलावा वाफ होऊन अडकतो, कापडावर फुगे येतात, आणि मग पुन्हा जास्त वेळ इस्त्री धरली जाते. वेब लावण्याआधी कापडाचे दोन्ही तुकडे नुसतेच इस्त्री करून घ्यावेत आणि लगेच कामाला लागावे.

खणाविषयी एक सूचना. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचे खण अलीकडे ॲप्लिकमध्ये सर्रास दिसतात आणि दिसतातही सुंदर. परंतु बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा खणांमध्ये कृत्रिम धागा असतो, तो सुती कापडाच्या उष्णतेला टिकत नाही. तो आक्रसला की जो ताठपणा येतो तो गोंदाचा नसतो आणि कोणत्याही उपायाने जात नाही. खणावर नेहमी सुती फडका ठेवून, कमी उष्णतेवर, आधी कातरणावर प्रयोग करून मगच इस्त्री टेकवावी.

चौथी तपासणी : इस्त्रीची उष्णता, वेळ आणि हात

मला विचाराल तर सर्वाधिक ताठपणा इथे तयार होतो. उष्णता कमी पडली तर गोंद नीट वितळत नाही आणि कडा सुटतात. उष्णता जास्त झाली किंवा इस्त्री फार वेळ टेकली, तर गोंद इतका पातळ होतो की तो दोन कापडांच्या मध्ये न राहता धाग्यांत शिरतो. मग दोन तोटे एकदम होतात : धागा गोंदाने भरल्यामुळे कापड कडक होते, आणि दोन कापडांना जोडायला मध्ये गोंदच उरत नाही, म्हणून तुकडा सुटतो. सुटला म्हणून आपण पुन्हा इस्त्री करतो. वर सांगितलेले ‘दर वेळी ताठपणा वाढतो’ हे लक्षण असे तयार होते. सुलट बाजूवरचे काळपट डाग म्हणजे वर आलेला गोंद. मलमलीसारख्या विरळ कापडावर ते फार लवकर दिसतात.

प्रत्येक वेबची गरज वेगळी असते. काहींना पूर्ण कोरडी आणि मध्यम गरम इस्त्री लागते, काहींना ओलसर फडक्यावरून वाफेसह दाब लागतो. एकाची रीत दुसऱ्याला लावली की बिघडते. इस्त्रीवरच्या खुणांवरही पूर्ण विश्वास ठेवू नये. कपड्यांच्या लेबलावर एक टिंब म्हणजे कमी उष्णता, दोन टिंबे म्हणजे मध्यम आणि तीन म्हणजे जास्त असा संकेत आहे, पण घरातली जुनी इस्त्री दोन टिंबांवर प्रत्यक्षात किती तापते हे ती इस्त्रीच जाणे. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे हे काम देऊ नये हे वेगळे सांगायला नको. कोळशाच्या इस्त्रीत उष्णता हाताच्या अंदाजावर असते, आणि तो अंदाज शर्टासाठी कमावलेला असतो.

म्हणून प्रत्येक नव्या कामाआधी एक पट्टी करून पाहावी. ज्या कापडावर काम करायचे त्याची हातभर लांब पट्टी घ्यावी आणि नक्षीच्या कापडाचे पाच सेंटिमीटरचे पाच चौकोन वेब लावून तयार करावेत. पहिल्यावर २ सेकंद इस्त्री टेकवावी, दुसऱ्यावर ४, मग ६, ८ आणि १०, आणि शेजारी पेन्सिलने सेकंद लिहावेत. इस्त्री सरकवू नये. टेकवावी, दाबावी, उचलावी. पट्टी पूर्ण थंड झाल्यावर प्रत्येक चौकोनाचा एक कोपरा नखाने उचलून पाहावा आणि पट्टी तिथे दुमडावी. जो सर्वांत कमी वेळाचा चौकोन नखाने उचकटत नाही, तीच आपल्या इस्त्रीची, त्या कापडाची आणि त्या वेबची वेळ. त्याच्या पुढचे चौकोन हाताला क्रमाने कडक लागतील. एकदा ते लागले की पुन्हा कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पट्टी वेबच्या गुंडाळीला टाचून ठेवावी.

वाफेच्या इस्त्रीच्या तळाला भोके असतात आणि त्या भोकांखाली दाब व उष्णता कमी पोचते, त्यामुळे मोठ्या तुकड्यावर दुसऱ्यांदा टेकवताना इस्त्री अर्धी सरकवून ठेवावी, मात्र एकाच जागेवर दुप्पट वेळ होणार नाही हे पाहावे. खाली जाड गादी किंवा चौपदरी चादर असेल तर दाब वाया जातो. फळीवर एकपदरी सुती कापड पुरे. वेब आणि इस्त्री यांच्यामध्ये ठेवण्यासाठी स्वयंपाकघरातला साधा बटर पेपर वापरला तर काही प्रकारच्या कागदांना गोंद चिकटतो; केक भाजण्यासाठीचा सिलिकॉन लावलेला कागद घ्यावा, किंवा वेबवरून सोललेला कागदच जपून ठेवून वापरावा. तो फुकट असतो आणि कामालाही उत्तम असतो.

पाचवी तपासणी : गोंद संपूर्ण तुकड्यावर लागतोच कशाला

इथून पुढे कामाची रीत बदलावी लागते, थोडा वेळ जास्त लागतो, पण ताठपणावरचा खरा उपाय हाच आहे. ॲप्लिकच्या तुकड्याला गोंद हवा असतो तो कडेला, कारण धागे उसवतात ते कडेने आणि शिलाई बसते तीही कडेला. मधल्या जागेला गोंदाचा काही उपयोग नसतो; तिथे पुढे धावदोरा किंवा मशीनची शिलाई येऊन ती कापडाला धरून ठेवणारच असते. म्हणून वेबच्या मध्ये खिडकी कापावी.

समजा दहा सेंटिमीटर लांबीरुंदीचा चौकोनी तुकडा आहे. पूर्ण वेब लावले तर १०० चौरस सेंटिमीटर गोंद बसतो. कडेने फक्त ६ मिलिमीटरची, म्हणजे सुमारे पाव इंचाची, पट्टी ठेवून मधला भाग काढला तर उरतो साधारण साडेबावीस चौरस सेंटिमीटर, म्हणजे चौथ्या हिश्श्याहूनही कमी. तोच तुकडा वीस सेंटिमीटरचा असला तर हे प्रमाण आठव्या हिश्श्याच्याही खाली जाते. तुकडा जितका मोठा तितका फायदा जास्त, आणि ताठपणाची तक्रारही मोठ्याच तुकड्यांची असते.

करण्याची रीत अशी. वेबच्या कागदावर आकार काढावा. तो आरशातल्याप्रमाणे उलटा काढायचा असतो, कारण वेब कापडाच्या उलट बाजूला लागते. कोयरी असेल तर तिचे टोक ज्या दिशेला हवे त्याच्या विरुद्ध दिशेला काढावे. रेषेच्या आत ६ मिलिमीटरवर दुसरी रेषा काढावी. बाहेरच्या रेषेच्या अर्धा सेंटिमीटर बाहेरून वेब ढोबळ कापावे, मग आतल्या रेषेवरून मधला भाग काढून टाकावा. आत कात्री शिरवण्यासाठी कडेच्या पट्टीला एका जागी छेद दिला तरी चालतो. ते टोक इस्त्री करताना पुन्हा जुळवून ठेवावे. उरलेली कडी कापडाच्या उलट बाजूवर ठेवून इस्त्रीने चिकटवावी आणि थंड झाल्यावर बाहेरच्या रेषेवर नेमके कापावे. कागद काढताना कडेला नख घालून उचकटू नये, त्याने धागे सुटतात. कडीच्या मधोमध कागदावर टाचणीने हलकी रेघ ओढून तिथून तो सोलावा. काढलेल्या मधल्या भागातून लहान पाने आणि कळ्या निघतात, त्यामुळे वेबचीही बचत होते.

दोन सेंटिमीटरहून अरुंद देठ किंवा वेल असेल तर खिडकीचा खटाटोप करू नये. दोन्ही बाजूंची पट्टी मिळून मध्ये फारसे काही उरत नाही. अशा अरुंद तुकड्यांना पूर्ण वेब लावले तरी त्यांचा ताठपणा जाणवत नाही. आणि कड हाताने शिवायची असेल तर पट्टी ३ मिलिमीटरपर्यंत आणावी, नाहीतर अंगुस्तान घालूनही सुई गोंदातून ओढताना बोटे दुखतात.

एकावर एक येणाऱ्या तुकड्यांचा प्रश्न याच्याच पोटातला आहे. मोराचे पीस घ्या : खाली तळाचे कापड, त्यावर हिरवे पीस, त्यावर पिवळा गोल, त्यावर निळा डोळा. डोळ्याखाली कापडाचे चार आणि गोंदाचे तीन थर साचतात, आणि शिवाय प्रत्येक वरचा तुकडा लावताना खालचा गोंद पुन्हा वितळतो. वरचा तुकडा जिथे येणार तिथला खालचा भाग आधीच कापून टाकावा आणि फक्त ६ मिलिमीटर आत शिरेल एवढा ठेवावा. त्याहून सोयीचे म्हणजे पूर्ण पीस आधी न चिकटणाऱ्या कागदावर जुळवावे, तिथेच तुकडे एकमेकांना हलकेच चिकटवावेत, थंड झाल्यावर ते अखंड उचलावे आणि तळाच्या कापडावर एकदाच पक्की इस्त्री करावी. रंग फिका असल्यामुळे खालचे कापड वरून दिसत असेल, तेव्हाही ही कापणी उपयोगी पडते.

खिडकीचा आणखी एक फायदा मागाहून मिळतो. कडेची शिलाई झाल्यावर, आणि गोधडीचे थर जोडण्याआधी, काम उलटे करून तळाचे कापड चिमटीत धरून तुकड्यापासून वेगळे ओढता येते. बोथट टोकाच्या लहान कात्रीने त्याला छेद द्यावा आणि शिलाईच्या आत ६ मिलिमीटर सोडून मधला भाग कापून काढावा. आता नक्षीच्या जागी कापडाचा एकच पदर उरतो आणि हाताला फरक स्पष्ट कळतो. पूर्ण वेब लावलेल्या तुकड्यामागे हे करता येत नाही, कारण दोन्ही पदर एकजीव झालेले असतात. रोज अंथरायची, मुलांनी ओढत न्यायची गोधडी असेल तर मात्र मी मागचे कापड कापत नाही. तिथे थोडा जाडपणा परवडतो, कमजोर जागा परवडत नाही.

सहावी तपासणी : शिलाई

कडच कडक असेल तर आधी टाक्याकडे पाहावे. भरगच्च झिगझॅग, म्हणजे दोन टाक्यांत जेमतेम ०.४ मिलिमीटर अंतर ठेवून मारलेली सॅटिन शिलाई, दोऱ्याचीच एक पट्टी तयार करते. गोंद कितीही मऊ असला तरी ती पट्टी वाकत नाही. काजटाका घालावा, किंवा झिगझॅग मोकळी करावी, किंवा कडेच्या दोन मिलिमीटर आतून साधी सरळ शिलाई मारावी. दोरा बारीक घ्यावा. शिलाईखाली आधाराला कागद किंवा स्टॅबिलायझर ठेवले असेल तर ते फाडून पूर्ण काढले आहे का हेही पाहावे. झिगझॅगमध्ये अडकून राहिलेला कागद ही कडक कडेची अगदी साधी आणि वारंवार सुटून जाणारी बाब आहे.

टाके सुटत असतील तर सुईवर बोट फिरवावे. गोंद लागला असेल तर मशीन बंद करून, सुई काढून, सर्जिकल स्पिरिटच्या बोळ्याने पुसावी, आणि ११ नंबरची नवी टोकदार सुई लावावी. वेब चिकटवल्यावर पूर्ण थंड होण्याआधी शिवायला घेतले तरीही असेच होते.

सातवी तपासणी : मधला थर आणि क्विल्टिंग (थर जोडणाऱ्या शिलाया)

एक-एक सेंटिमीटरवर शिलाया मारलेली गोधडी गोंदाशिवायही ताठ होते. नक्षीच्या आत शिलाया विरळ ठेवाव्यात. मधल्या थराच्या वेष्टनावर दोन शिलायांमधले जास्तीत जास्त अंतर छापलेले असते. तेवढे सोडायला हरकत नसते. जाड फायबर शीटपेक्षा पातळ सुती थर, किंवा आपल्या जुन्या रीतीप्रमाणे मऊ झालेल्या सुती साड्यांचे पदर, ॲप्लिकखाली चांगले बसतात.

आठवी तपासणी : धुणे

धुतल्यावरच ताठपणा आला असेल तर गोंदाचा विचार बाजूला ठेवावा. खडकवासल्याच्या पाण्यावर धुणाऱ्यांची ही तक्रार कमी असते. उपनगरांतल्या सोसायट्यांमध्ये बोअरवेल किंवा टँकरच्या जड पाण्यावर धुणाऱ्यांकडून ती जास्त येते. जड पाण्यात साबण नीट निघत नाही आणि त्याचा थर कापडात राहून वाळल्यावर कडक होतो. पावडर निम्मी करावी, गोधडी दोनदा जास्त खळबळावी, पिळू नये आणि सावलीत वाळवावी. गरम पाणी आणि ड्रायरची उष्णता टाळावी. ड्रायक्लीनिंगला द्यायची असेल तर आत फ्युजिबल वेब आहे हे दुकानात आधी सांगावे, कारण त्यातल्या द्रावणाने काही गोंद सुटतात.

जे आधीच ताठ झाले आहे त्याचे काय

क्विल्टिंग अजून झाले नसेल तर तुकडा काढता येतो. कडेची शिलाई उसवावी, सिलिकॉनच्या कागदावरून काही सेकंद कोरडी इस्त्री टेकवावी आणि गोंद गरम असतानाच एक कोपरा धरून तुकडा हळूहळू सोलावा. दोन्ही कापडांवर उरलेला गोंद काढण्यासाठी वर जुने सुती कापड ठेवून पुन्हा इस्त्री टेकवावी आणि ते गरम असतानाच ओढून काढावे. दर वेळी नवे कापड घ्यावे. वरवरचा गोंद अशाने बराच निघतो. धाग्यांत मुरलेला गोंद निघत नाही, आणि तिथे हट्टाने घासत बसण्यापेक्षा नवा तुकडा कापावा. स्पिरिटने काही गोंद मऊ होतात, पण आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर रंग सुटतो का ते पाहावे, खिडकी उघडी ठेवावी आणि इस्त्री व गॅस दोन्ही बंद असावेत.

क्विल्टिंग झाले असेल तर उसवण्याचा खटाटोप करू नये. दोन-तीन धुण्यांत आणि रोजच्या वापरात अशी गोधडी थोडी सैलावते. तेवढ्यावर समाधान मानावे. बाळाच्या दुपट्यासाठी मी फ्युजिबल वेब सुचवतच नाही. कड आत दुमडून हाताने शिवलेली नक्षी, आणि ती धरून ठेवायला पाण्यात धुऊन जाणारी ग्लूस्टिक किंवा पातळ खळ, एवढ्यावर ते काम उत्तम होते. पहिल्या धुण्यात चिकटपणा निघून जातो आणि उरते फक्त कापड.

कुठे थांबावे

आजीचे लुगडे, जुनी पैठणी, जरीचे किंवा रेशमी कापड, किंवा ज्याची बदली मिळणार नाही असे काहीही असेल आणि त्यावर कुणी आधीच वेब लावून ठेवले असेल, तर घरी इस्त्री, स्पिरिट, पाणी यांपैकी काहीही करू नये. ते सपाट ठेवून, घडी न घालता, जुन्या वस्त्रांच्या जतनाचे काम करणाऱ्या व्यक्तीला दाखवावे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र आहे. अशा ठिकाणी चौकशी करता येते. गल्लीतल्या ड्रायक्लीनरचे हे काम नव्हे.

वेळेची पट्टी करताना शेजारशेजारच्या चौकोनांचे निकाल विस्कळीत आले, म्हणजे चार सेकंदांचा जळका आणि आठ सेकंदांचा सुटा, तर इस्त्रीचा थर्मोस्टॅट बिघडलेला असण्याची शक्यता आहे. ती स्वतः उघडू नये. वायर गरम होत असेल किंवा प्लगमध्ये ठिणगी दिसत असेल तर वापर लगेच थांबवून विजेच्या उपकरणांच्या कारागिराकडे द्यावी.

नवी सुई लावूनही टाके सुटत राहिले, किंवा मशीनमधून खालच्या बाजूने टकटक आवाज येऊ लागला, तर गोंदाचे कण बॉबिनच्या भागात गेलेले असू शकतात. बॉबिन केस काढून ब्रशने झाडणे एवढे घरी करावे. हूक सैल करणे, त्याचे टायमिंग बदलणे किंवा आत तेल ओतून गोंद सुटतो का पाहणे, हे करू नये. तेलाने गोंद सुटत नाही, पुढच्या कापडावर डाग मात्र पडतात. मशीन मेकॅनिककडे नेताना ती गोंदाच्या कामावर चालवली होती हे त्याला आधीच सांगावे आणि वापरलेल्या वेबचा लहान तुकडा बरोबर न्यावा, म्हणजे तो थेट हुकापासून तपासायला सुरुवात करील.